बारसं थांबलंय

इंदूर, ६ ऑगस्ट २०२४

चि. निहारिका नणंदबाईंस अनेक आशीर्वाद.

फोनवर मी हॅलो म्हटलं की तुझी आई रडते, म्हणून हे पत्र इथल्या हॉस्पिटलातून घरी परतणाऱ्या तुझ्या हर्षलदादाच्या डब्याच्या पिशवीत ठेवतेय. रक्ताचा कॅन्सरच निघाला, आणि तोही झपाट्याने वाढणारा. पाचवा महिना लागलाय, त्यामुळे केमो देता येईल, बाळ बहुधा नीट राहील, असं डॉक्टर म्हणाल्या. माझ्याबद्दलही त्यांनी 'बहुधा'च म्हटलं. केस गेले की मी मामंजींसारखी दिसेन, हसू नकोस.

एक मागणं आहे. नाव आत्याने ठेवायचं असतं, ते तू आत्ताच कळव. बारशाला मी असेन की नाही, कोण जाणे.

लोभ आहेच, जरा वाढव.

प्राजक्तावहिनी

उज्जैन, ९ ऑगस्ट

ती. सौ. वहिनीस सा. न. वि. वि.

नाव ठरलंय. सांगणार नाही! ऐकायचं तर पाळण्यापाशी यावं लागेल.

शेजारच्या मीराताईंनी भैरवगढची छापाची दुपटी आणली. जन्माआधी घरात नको म्हणून आईने ती त्यांच्याच कपाटात ठेवायला लावली. रोज बघायला मात्र जाते.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

निहारिका

इंदूर, १० डिसेंबर

चि. निहारिका आत्याबाईंस आशीर्वाद.

मुलगी लहानखुरी आहे, पण आवाज खणखणीत. माझ्या तपासणीत आता आजार दिसत नाही. तो उलटू नये म्हणून केमो मात्र पुढे चालूच राहणार, त्यामुळे अंगावर पाजायला मनाई. ही उद्या हर्षलबरोबर घरी येतेय, तू सांभाळ. बारसं माझ्यासाठी अडवू नका. पाळण्याजवळ मोबाइल धर, तेवढ्याने माझं भागेल.

माझ्या वाटचाही लोभ तिच्यावर कर.

वहिनी

उज्जैन, २१ डिसेंबर

ती. सौ. वहिनीस सा. न. वि. वि.

तुझं भागेल, माझं नाही. बारसं थांबवलंय. आई आधी चिडली, मग तिनेच सगळी आमंत्रणं रद्द केली. फ्रीगंजच्या बाजारात कुणी विचारलं की बाबा ऐटीत सांगतात, नाम अभी पेंडिंग है.

खरं सांगू? नाव ठरलेलंच नव्हतं. तुला परत आणायला माझ्याजवळ दुसरं काहीच नव्हतं, म्हणून थाप मारली. पुढच्या केमोआधी आठ दिवस सोडतायत ना? ये. दोघी भांडून ठरवू. तू असल्याशिवाय मला आत्यासुद्धा होता येत नाही, वहिनी.

लोभ घेऊन स्वतःच ये.

निहारिका