आदेश क्रमांकाची रिकामी जागा

सोमवार, ३ ऑक्टोबर

सकाळी ६.४० ला साहेबांचा फोन. "बंद करा." ६.४२ ला बंद केलं. सगळं शहर. मोबाइलचं इंटरनेट, घरोघरच्या तारांवरचं, आणि मेसेजही. फोनवरचं बोलणं तेवढं चालू.

नदीपलीकडे आज मोर्चा होता म्हणे. मी विचारलं नाही.

रजिस्टरमध्ये तारीख, वेळ, सही. आदेश क्रमांकाच्या रकान्यात जागा सोडली. ती नेहमीच सोडतो. आधी फोन येतो, कागद मागाहून.

आमच्या केंद्रात दोन महिन्यांपूर्वी आलेली इंजिनिअर मुलगी पाठीमागे उभी होती. "सर, मुदत किती?"
"फोन येईल."
"आणि नाही आला तर?"
"येतो."
तिने रजिस्टरमधल्या रिकाम्या रकान्याकडे बघितलं.

घरी साडेतीनला. भात केला. आज खाली लागला नाही.

मंगळवार, ४ ऑक्टोबर

शांत दिवस. संध्याकाळी जिन्यावर माणसं बसली होती. एरवी आपापल्या फोनमध्ये असतात. तळमजल्यावरच्या निवृत्त मास्तरांनी बुद्धिबळाचा पट बाहेर आणला. तीन डाव हरलो.

मास्तर म्हणाले, "शहर बंद पाडता आणि वर जिन्यात येऊन मजा करता. काय माणूस आहात."
म्हटलं, "पाळी तुमची आहे."
"ती कळतेय मला. विषय बदलू नका."

बरं वाटलं. हे लिहायला थोडं अवघड जातं, पण खरं आहे. बायको गेल्यापासून लोक फोनवर फुलांची चित्रं आणि धीराची वाक्यं पाठवतात. काल-आज एकही नाही. त्याऐवजी मास्तरांनी माझा घोडा मारला.

बुधवार, ५ ऑक्टोबर

कोपऱ्यावरचा औषधवाला वैतागलाय. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या त्याला फोनवर यायच्या, आता माणसं दवाखान्यातून कागद घेऊन येतात आणि अक्षर लागत नाही. मला म्हणाला, "तुमच्याकडे ओळख असेल तर सांगा ना कुणाला तरी." बंद करणारा मीच आहे हे त्याला माहीत नाही. मी खोकल्याच्या गोळ्या घेतल्या. खोकला नव्हता.

वाचनालयाबाहेर एक वकीलबाई टेबल टाकून बसल्या होत्या. लोकांच्या तक्रारी लिहून घेत होत्या. कोर्टात जाणार आहेत. आजवर जितक्या वेळा बंद केलं, त्या प्रत्येक वेळेचा लेखी आदेश दाखवा — एवढीच मागणी. कायद्याने आदेश लेखी असावा लागतो, त्यात कारण आणि मुदत असावी लागते. मुदत संपली की आपोआप सुरू व्हायला हवं.

मास्तरांनी सही केली. मला म्हणाले, "करा."
"मला कसं जमेल?"
"तेही खरंच. चोरानेच फिर्याद द्यायची म्हणजे."
हसलो दोघेही.

सातचा गजर वाजला. अजून काढलेला नाही.

गुरुवार, ६ ऑक्टोबर

बायकोचा भाऊ आला. बसने नऊ तास. तिची पिशवी घेऊन आला. ऑपरेशनसाठी ती त्याच्या गावच्या मोठ्या इस्पितळात होती, तेव्हापासून पिशवी त्याच्याकडेच होती. येतो म्हणून मेसेज केला होता म्हणे. पोहोचायचा प्रश्नच नव्हता. दार उघडलं तर हा समोर.

"भाऊजी, तुमच्या गावात माणसाला वर्दी द्यायची तर कबुतर पाळायला हवं."

चहा केला. त्याने पिशवीतून गाऊन, चष्मा, कंगवा काढला. शेवटी पाटी. साधी शाळेतली, लाकडी चौकटीची.

गळ्याचं ऑपरेशन झाल्यावर तिला बोलता येत नव्हतं. पंचवीस वर्षं शाळेत व्यायाम शिकवला तिने. मैदानाच्या दुसऱ्या टोकाच्या पोराचं पाऊल चुकलं तर शिट्टी लागायची नाही, आवाज पुरायचा. आणि मग पाटी. पहिले पंधरा दिवस मी तिथेच होतो, नंतर रजा संपली. मग रोज संध्याकाळी सातला व्हिडिओवर मी बोलायचो आणि ती लिहून पाटी समोर धरायची. एकदा लिहिलं, "निळा शर्ट घाला. यात पेशंट तुम्ही दिसता." दुसऱ्या दिवशी निळा घातला. तिने पाटीवर नुसती बरोबरची खूण केली, मोठी, वहीवर करतात तशी.

शेवटचे तीन दिवस हे नव्हतं. ११ एप्रिलला इकडे बंद झालं. फोन करायचो तेव्हा तिचा भाऊ पाटीवरचं वाचून दाखवायचा. "बरी आहे म्हणते." "जेवलात का विचारते." १३ तारखेला संध्याकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी ती गेली. मी १५ ची रजा टाकली होती. बंदच्या काळात केंद्र सोडता येत नाही.

आज तो म्हणाला, "मी सगळं वाचून दाखवत नव्हतो."
"काय होतं?"
"ती सातला फोन समोर ठेवायला लावायची. मी म्हणायचो, अगं ताई, तिकडे बंद आहे. तरी लावायची. काळ्या पडद्याकडे बघत बसायची, पंधरा-वीस मिनिटं. बारा तारखेला तिने लिहिलं, अजून किती दिवस? म्हणून मी तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, आदेश तीन दिवसांचा आहे. ते सांगितलं तिला, तर तिने मान डोलावली. आदेश आहे म्हटल्यावर तिचं समाधान झालं. तुमची बायको शोभली."

हसला आणि चष्मा पुसू लागला. तिचा चष्मा. माझ्याकडे दिला.

तो झोपलाय. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं, पण त्याच्या खाली काहीतरी बरं वाटत होतं. ती सातला बसत होती. मीही इकडे गजर लावून बसत होतो. म्हणजे बसलो एकत्रच. मध्ये एक आदेश होता, आणि आदेशापुढे कुणाचंच काही चालत नाही. त्याचा राग कुणावर धरायचा?

शुक्रवार, ७ ऑक्टोबर

दुपारी २.१५ ला साहेबांचा फोन. "सोडा." सोडलं.

मेहुण्याला बसमध्ये बसवून दिलं. पाटी स्वयंपाकघरात कपबशांशेजारी ठेवली.

शनिवार, ८ ऑक्टोबर

पाटीवर लिहिलं — दूध, काड्यापेटी, साबण. बाजारात गेल्यावर आठवलं, पाटी घरीच राहिली. तिन्ही गोष्टी लक्षात होत्या.

सोमवार, १० ऑक्टोबर

कोर्टाची नोटीस आली. गेल्या दोन वर्षांत जितक्या वेळा बंद केलं, त्या सगळ्याचं रजिस्टर पुढच्या सोमवारी अकरा वाजता हजर करायचं. आदेश क्रमांकांसकट.

साहेब जुने. तेरा वर्षं एकत्र आहोत. ती गेली तेव्हा दहा दिवस त्यांच्या घरून माझा डबा यायचा. आज स्वतः खाली आले, खुर्ची ओढून बसले. "तुमचं अक्षर देखणं आहे म्हणून वाचलो. आता तेवढ्या रिकाम्या जागा भरा. मी वरून क्रमांक मागवलेत."

चौदा जागा. क्रमांकांचा कागद उद्या येणार.

इंजिनिअर मुलगी म्हणाली, "शाई तीच वापरा सर, नाहीतर ओळखू येईल." गंभीर चेहऱ्याने म्हणाली. टोमणा होता हे घरी आल्यावर कळलं.

मंगळवार, ११ ऑक्टोबर

कागद आला. जेवणाच्या सुट्टीनंतर बसलो. दार लावून घेतलं. शेवटून सुरुवात केली. ऑक्टोबर, ऑगस्ट, जुलैचे दोन. काम चांगलं चाललं होतं. रकाने भरत गेले की बरं दिसतं पान.

मग एप्रिल.

माझ्या रजिस्टरमध्ये — बंद, ११ एप्रिल, सकाळी ९.०५. सुरू, १४ एप्रिल, सकाळी ९.२०.

साहेबांच्या कागदावर — आदेश ११ एप्रिलचा. मुदत त्याच दिवशी रात्री बारापर्यंत. पुढे साहेबांच्या अक्षरात: १२ व १३ साठी हाच क्रमांक, पुढे "अ" लावा.

दोन-तीनदा वाचलं. मग कपाटातून मूळ आदेशाची फाइल काढली. एकच कागद. एक दिवस. "अ" नावाचा कागद नाही.

पेनाला टोपण लावलं. पाणी प्यायलो. मुलीने विचारलं, "बरं नाही का सर?" म्हटलं, "एप्रिलचं राहू दे."

बुधवार, १२ ऑक्टोबर

साहेबांच्या खोलीत गेलो. विचारलं, एप्रिलमध्ये तीन दिवस का सांगितलं होतं.

ते म्हणाले, "मी म्हटलं होतं, दोन-तीन दिवस धरा. अंदाज होता तो. वरचा अधिकारी पुतणीच्या लग्नाला गेला होता. सोडायचा फोन करायचा राहून गेला. चौदाला परत आल्यावर त्याच्या लक्षात आलं."

"राहून गेला."

"अहो, होतं असं. दोन दिवसांत काय झालं कुणाचं?"

मग त्यांनाच आठवलं. तारीख त्यांना माहीत होती, ते अंत्यविधीला आले होते. बराच वेळ टेबलावरची काच पुसत राहिले, हाताने. म्हणाले, "मला खरंच सुचलं नव्हतं हो. देवाशप्पथ."

खोटं बोलत नव्हते. त्यांना सुचलं नव्हतं, तसं मलाही सुचलं नव्हतं. बारा तारखेला सकाळी मी एक फोन करून विचारलं असतं — कागद कुठे आहे, मुदत किती — तर संध्याकाळी सातला ती दिसली असती. तेराला पण. माझ्यासमोरच तर होतं बटण. दोन दिवस मी त्याच्यासमोर बसून फोनची वाट बघितली.

जाताना साहेब म्हणाले, "अ लावा आणि संपवा. आणखी दोन वर्षं आहेत तुमची. नाहीतर पहिला प्रश्न तुम्हालाच येईल, सही तुमची आहे."

घरी येऊन पाटी पुसली. दूध, काड्यापेटी, साबण. पुसल्यावर लक्षात आलं, त्याच्या खाली तिचं काही पुसट उरलं असेल तर तेही गेलं. उजेडाकडे धरून बघितलं. नव्हतं काही.

गुरुवार, १३ ऑक्टोबर

आज सहा महिने.

एप्रिलच्या रिकाम्या जागेत लिहिलं: "११ तारखेचा आदेश रात्री १२ ला संपला. १२ व १३ — आदेश नाही. मी विचारलं नाही." खाली सही. बाकीच्या तेरा जागांपुढे क्रमांक मागाहून भरल्याची तारीख टाकली. मुलीने साक्षीदार म्हणून सही केली. मी मागितली नव्हती.

साहेबांना नेऊन दाखवलं. त्यांनी वाचून रजिस्टर मिटलं आणि परत माझ्याकडे सरकवलं. "कोर्टात तुम्हीच घेऊन जा."

सातचा गजर वाजला. पूर्ण वाजू दिला. मग सोमवारसाठी निळ्या शर्टाला इस्त्री केली.