अराबासाठी शिफारसपत्र

४ फेब्रुवारी
आज हॉलंडच्या विद्यापीठात प्राध्यापिका फान डर हूफ यांच्याकडे पोस्टडॉकसाठी अर्ज केला. कोकोच्या झाडांच्या रोगावर माझ्याइतकं काम अख्ख्या कुमासी शहरात कुणी केलेलं नाही. निवड झाल्यातच जमा. उद्यापासून डच भाषा शिकायला सुरुवात.

५ फेब्रुवारी
लाइट नव्हती. डच उद्यापासून.

९ फेब्रुवारी, दुपार
अराबा क्वान्साह केबिनमध्ये आली. माझ्याच हाताखाली एमफिल केलेली पोरगी. त्याच प्राध्यापिका फान डर हूफकडे पीएचडीला अर्ज करतेय म्हणे! वर म्हणते, सर, जाहिरात पीएचडी आणि पोस्टडॉक अशा दोन जागांची असली तरी पैसे एकाच माणसापुरते आहेत, तेव्हा तुमचं पत्र जरा जोरदार येऊ द्या. मी अर्ज केलाय हे तिला ठाऊक नाही. हो हो, का नाही, म्हणालो. मला हेवा बिलकुल वाटत नाही. फक्त जेवताना फुफूचा गोळा घशाखाली उतरला नाही.

१२ फेब्रुवारी
माझ्या शिफारसपत्राचं विचारायला विभागप्रमुख बेदियाकोंकडे गेलो. म्हणाले, तूच लिहून आण, मी सही ठोकतो. इथे सगळ्यांचं असंच चालतं. लिहिलं: अत्यंत आज्ञाधारक. पंधरा वर्षांत वरिष्ठांशी एकदाही वाद नाही. विभागाची सकाळची प्रार्थना हेच घेतात. वाचून माझं मलाच भरून आलं.

२० फेब्रुवारी
अराबाने पत्राची पुन्हा आठवण करून दिली. सगळे तिला 'काय डच बाई' म्हणून चिडवतात, ती हसते. मला कुणी चिडवत नाही.

२१ फेब्रुवारी, संध्याकाळ
अराबाचं पत्र लिहिलं एकदाचं. एक अक्षर खोटं नाही. वाद घालते. प्रश्न विचारून भंडावून सोडते. मोठ्यांचे निष्कर्षसुद्धा स्वतः प्रयोग करून पाहिल्याशिवाय मानत नाही. भर सेमिनारमध्ये तिने मार्गदर्शकाचा आलेख चुकीचा ठरवला. (होता चुकीचा, पण ही काय पद्धत झाली?) पाठवून टाकलं. बायकोने, अकोसुआने विचारलं, अहो, आज स्वारी इतकी खूश कशी? तिला काय सांगणार? म्हटलं, कर्तव्य पार पाडलं.

३ मार्च
बाजारातल्या जुन्या कपड्यांच्या ढिगातून जाड कोट आणला. घालून बघितला, घामाने भिजलो. अकोसुआ हसून हसून बेजार. म्हणाली, निवडीचा पत्ता नाही आणि नवरदेव तयार. डच अजून सुरू व्हायचंय.

१८ मार्च
फान डर हूफबाईंचा मेल. निवड अराबाची. म्हणे, तुमच्या पत्रानेच ठरलं. बाकीच्यांची पत्रं नुसती गुळगुळीत. आमचेही निष्कर्ष तपासून बघेल, आमच्याशी भांडेल, असंच माणूस आम्हाला हवं होतं. तुमच्याबाबतीत मात्र, पंधरा वर्षांत एकदाही वाद नाही हे वाचून काळजी वाटली. शुभेच्छा.
या लोकांना संस्कार म्हणून काही नाहीत. अराबा आनंदाने रडत सांगायला आली, मीही अभिनंदन केलं. लिहूनच टाकतो: हेवा वाटतोय.

२३ मार्च, रविवार
अराबाच्या घरच्यांनी चर्चमध्ये देवाचे आभार मानायचं ठरवलेलं. पाद्रीबाबांनी मला पुढे बोलावलं. हेच ते डॉक्टर न्यामेचे सर, यांच्यामुळेच आपली पोर हॉलंडला चालली! ढोल सुरू झाले. सगळ्यांबरोबर पांढरा रुमाल फडकवत नाचावं लागलं. तिच्या आईने मला मिठी मारली, मग धाकट्या मुलीला पुढे ढकललं. म्हणाली, सर, हिचीही पदवी होत आलीय, हिलाही अस्सं एक पत्र द्या हो.
देतो म्हणालो. हिची मात्र तोंडभर स्तुती करणार आहे.