जादूगाराचे पुढचे भाग

अण्णा, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी त्या जादूगाराच्या पुस्तकांवरून माझा तुमच्याशी मनातल्या मनात वाद अजून चालूच आहे.

तुम्ही पोलादपूरच्या शाळेत मास्तर. मामा मुंबईला गिरणीत. त्यांनी पहिला भाग आणला तेव्हा आईचं तान्हं बाळ जाऊन थोडेच दिवस झाले होते. आई स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून पडलेली असते, कुणाशी बोलत नाही. चूल मी पेटवते, भाकऱ्या करपवते. तुम्ही शाळेतून येता, टोपी खुंटीला अडकवता आणि तिच्या उशाशी बसून मोठ्यानं वाचता. तिला वाचता येत नव्हतं ना. पहिला भाग तुम्हालाही आवडला होता. पाण्याखालचा बाजार, उडती शिडी, शेवटी जादूगाराचा वध. वाचता वाचता मलाच विचारायचात, "आता कसा सुटेल गं हा राजपुत्र?"

शिमग्याला मामा दुसरा भाग घेऊन आले. चार पानांतच तुम्ही पुस्तक मिटलंत. "ह्यात काही राम नाही. मेलेला जादूगार पुन्हा उठवलाय. लेखकाला नवं काही सुचतच नाही!"

भिंतीकडून आवाज आला, "मेलेला उठला तर उठू दे की. तुमचं काय जातंय? वाचा."

किती दिवसांनी बोलली होती ती! तुम्ही चष्मा काढून पुसलात, पुसतच राहिलात. मग पुढे वाचू लागलात.

नंतर आणखी भाग येत गेले. प्रत्येकात तो मरे आणि उठे. त्याच्या उठण्याबद्दल तुम्ही पुन्हा अवाक्षर काढलं नाहीत. बाकी कशालाच मात्र सोडलं नाहीत. घोडे तेच, भुयारं तीच, राजकन्या रडते तीही त्याच शब्दांत. तिसऱ्या भागाला आई उठून बसली. चौथ्याला काटवटीत पीठ मळता मळता तुमच्यावर खेकसली, "शाळंत पोरांना वर्सानुवर्सं तेच पाढे शिकवता, तवा कंटाळा येत नाय तो?" तुम्ही इतके हसलात की मला वाटलं ठसकाच लागला.

आता ते भाग आईला मी वाचून दाखवते. परवा पाचवा चालू असताना म्हणाली, "तू गुमान वाचतेस गो. मजा नाय. ते कसे कुरकुरत वाचायचे!" मग मीही कुरकुरून पाहिलं. तिनं लगेच ओळखलं. "लटकं हाय तुझं."

लटकंच होतं, अण्णा. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून सांगते. मला पाचवा भाग पहिल्याहून जास्त आवडतो. तुमच्यापुढे कधी बोलले नाही. तुमचं कुरकुरणं थांबलं असतं.