हनुवटीवरचा हात

४ जानेवारी

माझं नाव कळलं आज. दाढी!

मधल्या सुट्टीत जिन्याशी तीन पोरी उभ्या होत्या. मी वरून उतरत होते. एकीने मला पाहिलं, दुसरीला कोपर मारलं आणि हात हनुवटीकडे नेला. क्षणभरच. तिघी एकदम शहाण्यासारख्या उभ्या राहिल्या. पण खिडकीच्या काचेत मला सगळं दिसलं होतं.

आमच्या मुलांना ऐकू येत नाही. वर्गात आम्ही त्यांना बोलायला शिकवतो. मैदानावर ती हातांनी बोलतात आणि तिथे प्रत्येक शिक्षकाचं खुणेतलं एक नाव असतं. मुख्याध्यापिका म्हणजे नाकावरून घसरणारा चष्मा. चित्रकलेचे सर म्हणजे कानामागची पेन्सिल. जे डोळ्यांत भरतं तेच नाव. त्यात द्वेष नसतो, पण दयामायाही नसते.

इतक्या वर्षांत माझं नाव काय, हे मी कुणाला विचारलं नाही. विनय म्हणून नव्हे. कळायला नको होतं.

दिवसभर ही मुलं माझ्या ओठांकडे टक लावून असतात. ओठांच्या खाली काय उगवलंय ते त्यांना दिसत नसेल? घरी आल्यावर खिडकीपाशी आरसा धरला. काळे, राठ. मधून मधून पांढरेही.

६ जानेवारी

शाळेतून परस्पर पार्लरमध्ये गेले. पार्लरवाली दातांत दोरा धरून कुणाच्या तरी भुवया करत होती. मला पाहिलं आणि दोरा न सोडता ओरडली – "बसा मॅडम! आज दाढीपण करायची ना?"

बाकावरच्या सगळ्या बायकांनी वर पाहिलं. त्यातली एक माझ्या वर्गातल्या भिंगरीची आई! तिने हसून मान हलवली. मी "घड्याळ राहिलं शाळेत" असं काहीतरी पुटपुटले आणि बाहेर पडले. घड्याळ हातात होतं.

पार्लरवालीचा काय दोष? तिच्या लेखी भुवया, वरचा ओठ, दाढी ही कामांची नावं. शिंप्याने कंबर विचारावी तसं. सगळं कळतं. तरी त्या दारात पुन्हा पाय ठेवणार नाही.

ताईला फोन केला. "अगं वेडे, आता कोण जातं पार्लरात? यंत्र घे! घरच्या घरी, दार लावून. ना दोरा, ना बोंबाबोंब." ताईकडे वाफेचं यंत्र आहे, गालावर फिरवायचा दगडी रोलर आहे, डोळ्यांखाली धरायचं थरथरणारं काहीतरी आहे. ताईचा चेहरा होता तसाच आहे. हे बोलले नाही.

यंत्र मागवलं.

११ जानेवारी

आलं. हेअर ड्रायरचा धाकटा भाऊ शोभेल. पांढरं, गुळगुळीत, तोंडाशी काचेची चौकोनी खिडकी. ती कातडीवर टेकवायची, बटण दाबायचं, लख्खकन उजेड. उजेड केसाच्या मुळापर्यंत जातो आणि मूळ 'हळूहळू झोपी जातं'. माहितीपत्रकात असंच छापलंय. जणू पाळण्यात घालायचंय!

आणि अट काय, तर केस उपटायचे नाहीत. दोरा बंद, चिमटा बंद. मूळ जागेवर हवं, नाहीतर झोपवणार कुणाला? म्हणून वरवरचे केस आधी रेझरने काढा. म्हणजे दाढी करा! ज्या शब्दासाठी पार्लर सोडलं, तेच काम या यंत्राने मला माझ्याच हाताने करायला लावलं. नवऱ्याचा रेझर घेतला. गालाला फेस लावून आरशात बघायचा धीर झाला नाही. अंदाजाने केली.

पुढे आणखी गंमत. हे यंत्र आधी आपली कातडी तपासतं. पसंत पडली तर हिरवा दिवा, नाहीतर लाल. माझ्या हनुवटीला लाल! पुन्हा टेकवलं – लाल. तिरकं धरलं – लाल. लग्नाच्या वेळीसुद्धा मला इतक्यांदा नकार आला नव्हता. शेवटी हनुवटीच्या एका कडेला हिरवा लागला. तिथून चोरासारखी सरकत सरकत आत आले.

१२ जानेवारी

नवऱ्याने बाथरूमचा बल्ब बदलला. "लुकलुकत होता गं सारखा. दाराखालून दिसत होतं." मी म्हटलं, बरं केलंस.

१९ जानेवारी

आज जे केलं ते लिहायचं टाळत बसले होते. लिहिते.

भिंगरी नऊ वर्षांची. एका जागी ठरत नाही म्हणून आम्ही ठेवलेलं हे नाव. बोलते छान, पण ट येत नाही. टोपीची तोपी, काट्याचा काता. घाईत असली की 'च'चासुद्धा 'त' होतो. दोष तिचा नाही. ट आणि त बाहेरून दिसायला एकच. जीभ आत काय करते ते ओठांवर वाचता येत नाही. म्हणून तिची बोटं माझ्या हनुवटीला, खालच्या बाजूने लावायची आणि मी ट म्हणायचा. जीभ मागे वळते ती बोटांना कळते. मग तीच बोटं तिने स्वतःच्या हनुवटीला लावायची. याहून चांगली पद्धत मला माहीत नाही.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला साध्या शाळेच्या बाई तिला ऐकायला येणार आहेत. अनोळखी माणसाला तिचं बोलणं समजलं, तर पुढच्या वर्षीपासून ती तिकडे. तिची धाकटी बहीण तिथेच आहे. भिंगरीने बहिणीसारखीच पाण्याची बाटली आत्ताच घेऊन ठेवलीय, म्हणे.

आज तिने नेहमीसारखा हात पुढे केला. मी तो धरून खाली ठेवला.

रेझरनंतर तिथे खुंट आलेत. दोऱ्याने निदान काही दिवस गुळगुळीत तरी राहायचं. आता हात फिरवला तर काथ्याच्या पायपुसण्यासारखं लागतं. तिची बोटं तिथे लागली असती, तिने चेहरा वाकडा केला असता, आणि मग मैदानावर –

तिने पुन्हा हात पुढे केला. मी पुन्हा खाली ठेवला. फळ्यावर जिभेचं चित्र काढलं, बाण काढले. ती चित्राकडे बघतच नव्हती. माझ्याकडे बघत होती.

२० जानेवारी

थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे, मग सगळं गुळगुळीत, असं स्वतःला बजावतेय. पण दिवस कुणाचे? माझे की तिचे?

२७ जानेवारी

काळे जरा विरळ झालेत. पांढरे जिथल्या तिथे! उलट जास्तच उठून दिसतात, कारण सोबतीचे गेले.

माहितीपत्रक पुन्हा पहिल्यापासून वाचलं. शेवटच्या पानावर, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात – उजेड काळा रंग पकडतो, पांढऱ्या केसात पकडायला काही नसतं. म्हणजे ज्या वयात बाईला हे यंत्र घ्यावंसं वाटतं, नेमकं त्याच वयात ते चालत नाही! खोक्यावर विशीतली पोरगी हसतेय. तिला काय धाड भरलीय न हसायला?

ताईला फोन. "मग पांढरे रंगव आधी!" म्हणजे हनुवटीचे केस रंगवायचे, मग त्यांची दाढी करायची, मग त्यांना उजेड दाखवायचा. मी म्हटलं, ताई, मुळं कशी रंगवू? "तू ना, लहानपणापासून प्रत्येक गोष्टीत खोट काढतेस." "खोट मी नाही काढली, छापलेली आहे." फोन आपटला गेला. कुणी आपटला ते लिहीत नाही.

मग रागाच्या भरात यंत्र सगळ्यात वरच्या आकड्यावर नेलं आणि एकाच जागी दाबत राहिले. चटका बसत होता. बसू दे म्हटलं! जळका वास आला. केसांचा असेल असं वाटलं.

नुसता केसांचा नव्हता.

२८ जानेवारी

हनुवटीवर चौकोन उमटलाय. बरोबर यंत्राच्या खिडकीएवढा, लालभडक, कडा अगदी रेखीव. पोस्टाचं तिकीट लावून मला कुठेतरी पाठवायचंय जसं काही!

मास्क लावून शाळेत गेले. सर्दी म्हणून सांगितलं.

ओठ वाचणाऱ्या मुलांसमोर तोंड बांधून उभी! वर्गात मी बोलत होते आणि मुलं कपाळ, डोळे, कापड असं काहीतरी शोधत होती. थोड्या वेळाने त्यांनी शोधणंही सोडलं. भिंगरीने वही मिटली आणि डोकं बाकावर ठेवलं. भिंगरी, जी कधी एका जागी बसत नाही!

मुख्याध्यापिकांनी बोलावलं. "बाई, सर्दी असेल तर सरळ रजा घ्या. या शाळेत तोंड झाकलेली बाई म्हणजे बंद रेडिओ."

सुटताना फाटकापाशी भिंगरीची आई. मला वाटलं, पार्लरचं काही काढते. तर हळूच म्हणाली, "बाई, हिच्या हातून काही चुकलं का? घरी आली की सारखी हात धुते. मला विचारते, माझे हात घाण आहेत का?"

हात धुते.

मी म्हटलं, नाही हो, मलाच जरा सर्दी. मास्कच्या आत बोललेलं खोटं निदान ओठांवर वाचता येत नाही. एवढाच त्या मास्कचा उपयोग झाला.

३० जानेवारी

शिक्षकांच्या खोलीत चित्रकलेचे सर आणि मी दोघंच. सरांनाही ऐकू येत नाही. माझ्याशी ते मोबाइलवर लिहून बोलतात, कारण माझ्या खुणा परक्या गावच्या पाहुण्यासारख्या. मास्कच्या कडेला चौकोनाचा कोपरा दिसत असणार. त्यांनी लिहिलं – 'सर्दी हनुवटीला झालीय का?'

माझा तोल गेला. त्यांच्या हातातून मोबाइल घेतला आणि सगळं लिहून काढलं. पार्लर, यंत्र, चटका, मुलं मला दाढी म्हणतात ते. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय, असंही लिहिलं.

सरांनी वाचलं. मग खांदे गदगदायला लागले त्यांचे. मला इतका राग आला!

त्यांनी लिहिलं – 'दाढी अशी.' आणि हनुवटीला चिमूट लावून खाली ओढली. मग लिहिलं – 'तुम्ही अशा.' टेबलावर कोपर टेकवलं, तळहात पसरून हनुवटी अख्खी झाकली, डोळे वर, जगाची चिंता लागल्यासारखे. हुबेहूब मी! 'हात लावून बसणाऱ्या बाई. सगळी शाळा ओळखते. तुम्ही सोडून.'

मी विचारलं, केस दिसतात की नाही?

'दिसतात. मला कानातलेही आहेत. त्यांचं मी काही करत नाही.' खाली आणखी एक ओळ – 'आता मात्र डाग दिसतो.'

ट आणि त. वर्षानुवर्षं मुलांना सांगत आले की नुसतं बाहेरून बघू नका, आत काय चाललंय ते ओळखा. आणि मी हात कुठे गेला तेवढं पाहिलं, हाताचा आकार पाहिलाच नाही!

पण म्हणून सुटले का मी? हात तिथे कशाला ठेवत होते इतकी वर्षं? केस झाकायला. केसांना मुलांनी नाव ठेवलंच नाही. झाकण्याला ठेवलं. हे जास्त बरं की जास्त वाईट, ठरवता येत नाही.

मास्क तिथेच कचऱ्याच्या डब्यात टाकला. सरांनी डब्याकडे बघून कानामागची पेन्सिल काढली आणि सलाम ठोकला. आगाऊपणा!

३१ जानेवारी

वर्गात उघड्या चेहऱ्याने उभी राहिले. हात तीनदा तरी आपोआप वर आला, तीनदा खाली आणला. भिंगरीला जवळ बोलावलं. आली, पण हात पाठीमागे बांधून.

मी तिचे हात पुढे घेतले, उलटसुलट पाहिले, म्हटलं – स्वच्छ आहेत. चूक माझी होती. तिने ओठ नीट वाचले. पण बोटं काही वर आणली नाहीत. मीही ओढली नाहीत.

१ फेब्रुवारी

यंत्र खोक्यात घातलं. ताई म्हणते, मला दे. म्हटलं, येऊन घेऊन जा, आणि शेवटचं पान आधी वाच.

चौकोनाला खपली धरलीय. ती पडेपर्यंत ना रेझर, ना दोरा. म्हणजे सगळं पीक जोमात! नवरा म्हणाला, "बल्ब कसा झकास चाललाय बघ आता."

३ फेब्रुवारी

उद्या त्या बाई येणार. आज शेवटची तासिका. भिंगरी माझ्यासमोर उभी राहिली, बराच वेळ चौकोनाकडे पाहिलं, आणि स्वतःहून दोन बोटं माझ्या हनुवटीला लावली. चौकोन चुकवून. मी ट म्हणायला तोंड उघडलं तेवढ्यात तिने बोटं झटकन मागे घेतली, बोटांकडे पाहिलं, खुदकन हसली आणि अख्ख्या वर्गाला सांगितलं –

"टोचतं!"

ट जागेवर. त जागेवर. आणि च चाकातला, चिमट्यातला नव्हे!

मी तिचा हात धरून परत हनुवटीवर ठेवला. म्हटलं, पुन्हा म्हण.