तिसऱ्या मजल्यावर आलेली खुर्ची

१४ मार्च, रविवार दुपार

ती. वन्संना नमस्कार. साष्टांग म्हणणार होते, पण गुडघे ऐकत नाहीत. तेव्हा वाकले आहे असं समजून घ्या.

मी बरी आहे. नळाची गळती थांबली. शिवणाचं मशीन तेल घालूनही कुरकुरतं, पण चालतं. तुमच्या खोकल्याचं काय झालं ते पत्रात नव्हतं, नुसते प्रश्नच होते. बाडबिस्तारा गुंडाळून तुमच्याकडे कधी येणार, हा एक. आणि आता कॉलेज कुणासाठी चालू ठेवलं आहेस, हा दुसरा. उत्तर देते, पण जरा वळसा घालून. माझी सवय तुम्हाला माहीत आहे.

आमचं पहिलं वर्ष संपत आलं. वर्गात सगळी अठरा-एकोणीसची पोरं आणि मी साठीला टेकलेली. पहिल्या दिवशी मी आत शिरले तर सगळी उभी राहिली. त्यांना वाटलं, बाई आल्या. मागून हे आले, तर वाटलं, शिपाई आले. हसून हसून पुरेवाट झाली. खूळ ह्यांचंच, हे तुम्ही जाणता. लिफ्टदुरुस्तीच्या नोकरीतून सुटले आणि एक दिवस दोघांची नावं कॉलेजात घालून आले. मला विचारायचं राहून गेलं म्हणे. मी चार दिवस अबोला धरला आणि मग पुस्तकांसाठी पिशवी शिवायला घेतली.

इतिहासाच्या तासाला ह्यांचा एकच प्रश्न ठरलेला. सरांनी कुठल्याही किल्ल्याचं नाव काढलं की हात वर. "सर, पण दगड वर नेले कसे?" जन्म वजनं वर-खाली करण्यात गेला, दुसरं काय सुचणार. सरांना उत्तर यायचं नाही, ह्यांनाही यायचं नाही. मग दोघे मिळून काहीतरी ठोकून द्यायचे. पोरांनी ह्यांचं नाव ठेवलं बांधकाममंत्री.

हे सगळं तुम्हाला ह्यांनीच फोनवर सांगितलं असेल. पुढचं मात्र मी कुणाला सांगितलेलं नाही.

हे गेल्यावर काही दिवसांनी मी पुन्हा वर्गात जाऊन बसले. का गेले, सांगता येत नाही. घर खायला उठलं होतं, एवढं खरं. माझ्या बाकावर एक चष्मेवाली मुलगी बसते. तिने विचारलं, काका कुठायत? मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "पाय मुरगळलाय गं. तीन जिने उतरवत नाहीत."

वन्सं, मी ठरवून खोटं बोलले नाही. खरं सांगायला गेले आणि हे बाहेर पडलं. उद्या सांगून टाकू म्हटलं. पण दुसऱ्या दिवशी चष्मेवालीने ह्यांच्यासाठी टिपणं लिहून आणली, मोठ्या अक्षरात, काकांना बारीक दिसत नाही म्हणून. इतिहासाच्या तासाला मागून कुणीतरी विचारलं, सर, काकांच्या वतीने विचारतो, दगड वर नेले कसे? सगळा वर्ग हसला. सरही हसले आणि मला म्हणाले, त्यांना सांगा, शोधतोय. मीही हसले. इतकं बरं वाटलं, काय सांगू. शेजारीपाजारी माझ्याकडे बघून आवाज खाली आणतात. सगळ्या जगात ती एकच खोली होती, जिथे हे नुसते गैरहजर होते. कुणी विचारायचं, काकांची सूज उतरली का, आणि मी सांगायचे. घरी आले की ती टिपणं मोठ्याने वाचायचे. तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर हे. कॉलेज मी ह्यांच्यासाठीच चालू ठेवलं होतं.

एक खोटं झाकायला शंभर लागतात म्हणतात, तसंच झालं. सूज उतरली, परत चढली, डॉक्टर बदलले. माझ्या जिभेला हाड राहिलं नाही. परीक्षा जवळ आली तशी पोरं बेचैन झाली, काकांचं वर्ष वाया जाणार म्हणून. मी म्हटलं, जाऊ दे, पुढच्या वर्षी देतील. त्यांना ते काही पटलं नाही.

काल दुपारी दार वाजलं. चष्मेवाली, आणि तिच्यामागे चार दांडगी मुलं, कॉलेजच्या कॅन्टीनमधली एक खुर्ची घेऊन. खुर्चीला दोन्ही बाजूंनी काठ्या बांधलेल्या. तीन जिने चढून घामाघूम झालेली. ह्यांना खुर्चीत बसवून खाली उतरवायचं आणि परीक्षेला न्यायचं, असं ठरवून आली होती. ऐन वेळी घोटाळा नको म्हणून आधी रंगीत तालीम. लिफ्टवाल्याच्याच इमारतीला लिफ्ट नाही म्हणजे कमाल झाली, असं एक जण म्हणाला. चष्मेवाली माझ्या खांद्यावरून आत हाक मारत होती, "काका, चपला घाला."

मी दारात आडवी उभी राहिले.

"काका वारले, पोरांनो. मी परत कॉलेजला आले, त्याच्या आधीच. मी तुम्हाला खोटं सांगत होते."

खुर्ची चौघांच्या हातातच होती. ती खाली ठेवायची की नाही, तेही त्यांना कळेना. शेवटी चष्मेवालीने माझा दंड धरला आणि म्हणाली, काकू, तुम्ही बसा. त्यांनी खुर्ची टेकवली आणि मी बसले, जिन्याच्या तोंडाशी. मग जे रडू आलं ते थांबेना. खालच्या मजल्यावरची माणसं वर आली. एक मुलगा भिंतीकडे तोंड करून उभा होता.

जाताना चष्मेवाली एवढंच म्हणाली, "आम्ही रोज त्यांच्यासाठी लिहीत होतो, काकू." खुर्ची परत घेऊन गेली पोरं. रिकामीच होती, तरी उतरवायला फार वेळ लागला त्यांना.

उद्या पेपर आहे. जाणार आहे. कुणासाठी, ते आता मलाही माहीत नाही. तुमच्याकडे राहायला इतक्यात येत नाही, रागावू नका.

हे पत्र खरं तर वेगळ्याच गोष्टीसाठी लिहायला घेतलं. त्या सकाळी तुम्हाला फोन लावणं माझ्याच्याने झालं नाही, समोरच्या बाईंनी लावला. तुम्ही ह्यांना अंगाखांद्यावर वाढवलंत, आणि तुम्हाला ते परक्याच्या तोंडून कळलं. नंतर तुम्ही आलात, राहिलात, गेलात. तेवढं एक वाक्य सोडून आपण दोघी सगळं बोललो. काल पोरांना सांगितलं. आज तुम्हाला सांगते.

वन्सं, आपला माणूस गेला.

तुमची,
भावजय