दोघांसाठी सरकती भिंत

३ जून २००२
रिटायर होऊन महिना झाला. मुलगा प्रज्ञेश न्यू जर्सीत, मुलगी मैत्री बंगळूरला, दोघंही कॉम्प्युटरमध्ये. कर्वेनगरच्या घरात उरलो मी आणि कांता. दोघांना तीन खोल्या म्हणजे उधळपट्टी. ठरवलं : आतल्या भिंती पाडून सरकत्या बसवायच्या. एरवी एकच मोठा हॉल. पोरं आली की भिंती ओढा, खोल्या तयार. कमी खर्चात होईल. कांताला सांगितलं. लगेच 'बरं' म्हणाली. लग्न झाल्यापासून ती लगेच बरं म्हणालेली नाही. लक्ष ठेवणे.

९ जून, दुपार
नकाशा स्वतः काढला. टेलिफोन खात्यात जन्मभर केबलचे नकाशे वाचले, घराचं काय एवढं. तरी कांताने शर्मिला नावाची आर्किटेक्ट आणली. नकाशा पाहून ती म्हणाली, काका, यात बाथरूम कुठे आहे? फाजील प्रश्न. बाथरूम मी गृहीत धरलं होतं.

१८ जून
दूध घेऊन आलो तर दोघी कुजबुजत होत्या. मला पाहताच शर्मिलाने हवामानाचा विषय काढला. पुण्यातलं माणूस हवामानाचं कौतुक करायला लागलं की समजावं, काहीतरी शिजतंय.

२३ जून
प्रज्ञेशचा फोन. कांता रिसीव्हर घेऊन स्वयंपाकघरात गेली. एवढंच ऐकू आलं : "त्यांना सगळ्यात शेवटी सांगू."
उघड आहे. घर बिल्डरला, मी वृद्धाश्रमात. आजपासून घराची कागदपत्रं उशीखाली. मी शांत आहे. मान दुखते.

७ जुलै
कांता एकटीच रिक्षाने निघाली. मी मागच्या रिक्षात. हडपसरला एका सुताराच्या वखारीत शिरली. शर्मिला तिथे हजर. मी प्लायवूडच्या थप्पीआड. कांता सुताराला सांगत होती, "कडी आतून हवी. माझ्या बाजूने."
मी पुढे झालो. मला वाटलं दचकेल. म्हणाली, "आलात ना, आता बसा."
मग म्हणाली, अहो, तुम्ही ऑफिसात होतात तेव्हा दिवसभर घर माझं होतं. आता हॉलमध्ये तुम्ही, ओट्यापाशी तुम्ही, फोडणीत मोहरी किती तेही तुम्हीच सांगता. मला एक खोली हवी. आधी सांगितलं असतं तर तिचाही नकाशा तुम्हीच काढला असता.
सुतार रंध्याकडे बघत राहिला. मी तिथल्या तिथे परवानगी दिली. मुळात कल्पना माझीच.

१५ ऑक्टोबर
काम पूर्ण. भिंत एका बोटाने सरकते. सकाळचं आवरलं की कांता आत जाते, कडी लावते. मधूनच हसते. एकटं माणूस एवढं कशाला हसेल? कान लावून पाहिला. प्लायवूड उत्तम निघालं.

२८ डिसेंबर
मुलं आली. खोल्या कशा करायच्या याचं मी प्रात्यक्षिक दाखवलं. सगळ्यांनी पाहिलं, आणि गाद्या आईच्या खोलीत टाकल्या. आत दाटीवाटीने गप्पा चालू आहेत. हॉलमध्ये मी. हवा चांगली खेळते.

६ जानेवारी २००३
मुलं काल गेली. आज कांताच्या खोलीचं दार वाजवलं. आतून आवाज आला, "कोण?"
घरात दोघंच आहोत. तरी सांगितलं, मी.
"काही काम होतं का?"
बराच वेळ आठवून पाहिलं. काही नव्हतं. तसं सांगितलं.
आतून म्हणाली, चारला चहा करीन, तेव्हा या.
तीन वाजताच शर्ट बदलून बसलो आहे.