तुमच्या आवाजाखालचं ह्यांचं वाक्य

वन्सं, नमस्कार मागाहून करते आणि गुडघ्याची चौकशीही मागाहून, आधी हे ऐका. रविवारी नातीच्या आधी तिच्या ऑफिसातले, आवाजाचं काम करणारे हेडफोनवालेच दारात उभे. (नात पाच मिनिटांत येते म्हणाली आणि पाऊण तासाने उगवली.) चांगले पन्नाशीचे गृहस्थ, पण गळ्यातला हेडफोन उतरवत नाहीत, चहासुद्धा तसाच प्यायले. माणूस मात्र सोन्यासारखा.

तुम्हाला आठवत असेल, तेव्हा नव्याच घेतलेल्या टेपरेकॉर्डरवर आवाज भरायला कॅसेट फिरत होती आणि फळी वाकडी ठोकली म्हणून तुम्ही ह्यांना झापत होतात. ह्यांचा आवाज म्हणून घरात आता तेवढाच उरलाय. तोही तुमच्या आवाजाखाली, एकच वाक्य, हळूच माझ्याशी बोललेलं. ती कॅसेट दोघांनी कॉम्प्युटरला जोडून आत उतरवली. पडद्यावर तुमचा आवाज डोंगरांच्या रांगेसारखा दिसतो हो, बघत राहावं असा.

फाईल फार मोठी झाली. मी दुसरीपर्यंत शिकलेली, पण पसारा मला खपत नाही. म्हटलं, होईल तितकी लहान करा, फोनात मावली पाहिजे. हेडफोनवाल्यांनी सांगितलं, लहान करणारं सॉफ्टवेअर मोठं हुशार असतं. मोठ्या आवाजाखाली झाकलेला बारीक आवाज माणसाला फारसा ऐकू येत नाही, म्हणून ते तो गाळून टाकतं. मला भारी कौतुक वाटलं. (आपल्या घरी हेच इतकी वर्षं सॉफ्टवेअरशिवाय चाललं होतं.) मी आकार अगदी शेवटच्या टोकापर्यंत उतरवायला लावला, आणि मोठी फाईल पुसायला लावली. एकच वस्तू दोनदा कशाला ठेवायची? नात नको नको म्हणत होती.

मग लावून बघितलं. तुम्ही होतात, जरा पाण्याखालून बोलल्यासारख्या, पण होतात. हे नव्हते.

मी म्हटलं, त्यात काय, हिलाच परत मोठी करा. त्यांनी बिचाऱ्यांनी केलीही. फाईल फुगली, पण आत हे काही आले नाहीत. एकदा गाळलेलं परत येत नाही म्हणे. कॅसेट पुन्हा लावली तर तिची पट्टी यंत्रात गुंतून तुटली. हेडफोनवाल्यांनी चष्मा पुसला, पातं काढलं, टोकं जुळवून इवलीशी चिकटपट्टी लावली. तासभर त्यातच खपले. मग वाजली, आणि या वेळी नातीने काही न गाळता नुसती घडी घालणारा प्रकार निवडला. जागा निम्मी लागते आणि हरवत काहीच नाही. पोरीला किती कळतं! तुम्ही खिळ्यावर बोलत होतात आणि खालून हे म्हणाले, "बटण दाबलंय ना? मग ताईला बोलू दे. पुढं हाच आवाज शोधत बसू."

मी सात वेळा ऐकलं. हेडफोनवाले खिडकीबाहेर बघत बसले.

गुडघा कसा आहे? तेल लावता ना?

तुमची,
धाकटी वहिनी

ता.क. तुमच्या फोनवर लहान फाईल पाठवायला सांगितली आहे. त्यात तुमचं काहीएक कमी झालेलं नाही.

ता.क. दुसरा. भावाचं ऐकायचं असेल तर इथे यावं लागेल. नात माईक आणणार आहे. तुम्हाला समोर बसवून जे सुचेल ते बोलू द्यायचं आहे, मध्ये कोणी तोंड घालणार नाही. नाही म्हणू नका. ते दोघं येत्या शनिवारी सकाळी दहाला पुन्हा येतो म्हणून गेलेत.